उजव्या वळणाचं औषध

"काम सुंदर झालंय," सबनीस सर म्हणाले आणि माझा अहवाल मिटून त्यांनी बाजूला सरकवला. "पण प्लँटवर आपण हे घेत नाही आहोत."

मी उभीच होते. बसा म्हणायचं ते विसरले होते, आणि मलाही बसायचं सुचलं नाही.

"का, सर? निष्कर्षात काही शंका आहे का?"

"अजिबात नाही. मी स्वतः नमुने तपासलेत."

"मग धातू महाग पडतो म्हणून? तो सगळा परत मिळतो, सर. पुन्हा पुन्हा वापरून दाखवलाय मी."

"रूपनवर बाई," ते हसून म्हणाले, "प्रयोगशाळेतलं शहाणपण आणि कारखान्यातलं शहाणपण वेगळं असतं. सध्याची पद्धत बरी चाललीय. चालत्या बैलाला टोचू नये."

डॉ. प्रकाश सबनीस हे आमच्या कंपनीतले संशोधनप्रमुख. पुण्यात त्यांच्या नावाला वजन होतं. मी त्यांच्या हाताखाली आले, तेव्हा माझ्या वाडीतली डॉक्टरेट झालेली मी पहिलीच बाई होते, आणि त्यांनी निवड केली म्हणून माझा ऊर भरून आला होता. खूप वर्षं झाली त्याला. पण त्या केबिनमधला त्यांचा तो मऊ, समजूत घालणारा आवाज मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो.

ते औषध जंतांवरचं होतं. परदेशात त्याला मोठी मागणी होती. बनवताना शेवटच्या पायरीला रेणूला हायड्रोजन येऊन चिकटतो. तो एका बाजूनं आला तर एक रूप तयार होतं, दुसऱ्या बाजूनं आला तर दुसरं. दोन्हींत अणू तेच, वजन तेच, वितळण्याचं तापमानही तेच. फक्त एक रूप म्हणजे दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब, डाव्या आणि उजव्या पायाच्या वहाणा असतात तसं. प्रकाशाचा एक खास किरण त्यातून सोडला की एक त्याला डावीकडे वळवतं आणि दुसरं उजवीकडे. म्हणून आम्ही त्यांना डावं आणि उजवं म्हणायचो. आपल्या बोलण्यात डावं म्हणजे कमी प्रतीचं, पण इथं उलटं होतं. जंत मारायचं ते डावं. उजवं जंताला शिवतही नसे. जनावराच्या अंगात जास्त गेलं की विषारी मात्र दोन्ही सारखीच.

हायड्रोजनला कुणी वाट दाखवली नाही तर तो दोन्ही बाजूंनी सारखाच येतो आणि निम्मंनिम्मं मिश्रण तयार होतं. मी त्या महागड्या धातूपासून जो कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक, बनवला होता त्याचं काम एवढंच होतं की रेणूची एक बाजू झाकून धरायची. घराचं एक दार लावून घेतलं की पाहुण्याला दुसऱ्याच दारानं यावं लागतं, तसं. माझ्या भांड्यात जवळजवळ सगळं डावंच तयार व्हायचं. जुन्या पद्धतीत आधी मिश्रण करायचं, मग त्यात एक आम्ल घालून डाव्याचे स्फटिक वेगळे काढायचे, आणि उरलेल्या उजव्याला तापवून पुन्हा मिश्रण करून परत भांड्यात घालायचं. हा सगळा खटाटोप माझ्या कॅटॅलिस्टमुळे वाचणार होता. आणि सर म्हणत होते, नको.

"मग उरलेलं उजवं दर वेळी तापवत बसायचं, सर?"

"उरलेल्याची व्यवस्था आहे," सर म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला.

त्याच आठवड्यात वाडीहून निरोप आला की तात्याचं काही ठीक नाही, येऊन जा.

माझा बाप मी लहान असतानाच गेला. मला वाढवलं ते चुलत्यानं, म्हाळाप्पा रूपनवर यानं. म्हसवडच्या अलीकडे आमची धनगरांची वाडी. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं, हे तात्याचं आयुष्य. मला मात्र त्यानं वाड्यावर, म्हणजे मेंढरांमागं, कधी नेलं नाही. शाळेजवळ ठेवलं.

मी पोचले तेव्हा तात्या अंगणात घोंगडी टाकून बसला होता. वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, कुडाला नुसती टांगलेली होती. तिच्यामागं मावतील एवढीशीच मेंढरं उरली होती आणि त्यांच्याकडे तो पाठ करून बसला होता. मी पाया पडले तर "आलीस व्हय" एवढंच म्हणाला.

मला चुलीजवळ नेऊन काकूनं सांगितलं. "पाऊस सरता मेंढरं सुकाय लागली. हगवण लागली, गळ्याखाली पाणी धरलं. जंतच हुते. ह्येनी बाजारातनं औषध आणलं नि पाजलं. काय बी फरक न्हाय. लेंडीत जंत तसंच. मग दुकानदार म्हनला, जादा पाजा. ह्येनी दुप्पट पाजलं. तरी न्हाय. मग पुन्यांदा पाजलं." काकू थांबली. "थरथराय लागली गं. तोंडातनं लाळ. उभी मेंढी कोसळायची. निम्म्याच्या वर कळप गेला बघ एका सांजेत."

"डॉक्टर आले नाहीत?"

"आलं की. लाड डॉक्टर. कापून बघितलं, म्हनलं औषध जास्त झालं. तसंच लिवलं. आता समदी वाडी म्हनती, म्हाळाप्पानं आपल्या हातानं मारली. आनि ह्ये बी तसंच म्हनत्यात. त्या दिसापासनं ह्येनी मेंढराला हात लावला न्हाय."

मी तात्याशेजारी जाऊन बसले. तो म्हणाला, "कौसल्ये, आपल्या धा पिढ्या मेंढरामागं गेल्या. लांडग्यानं नेली, रोगानं गेली. पर धनगरानं मारली असं कुठं झालं न्हाय. म्या मारली."

"तात्या, दुकानदारानं सांगितलं म्हणून तू पाजलंस."

"हात माजाच हुता न्हवं."

काकूनं कोनाड्यातली बाटली आणून दाखवली. कुठल्याशा लहान कारखान्याचं लेबल होतं आणि त्याखाली औषधाचं नाव. ते नाव वाचून मी चमकले. ज्या रेणूसाठी मी इतकी वर्षं घालवली, तोच तो. आपल्याकडे जनावरांसाठी तो मिश्रण म्हणून विकतात हे मला माहीत होतं. निम्मं डावं असतं, त्यानं जंत पडतात. मग इथं का पडले नाहीत? बाटलीत औषध कमी असेल म्हणावं, तर मेंढरं मेली कशानं?

मी बाटली पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत आधी औषधाचं प्रमाण तपासलं. लेबलावर होतं तितकंच, चोख. म्हणजे लाड डॉक्टरांचं बरोबर होतं आणि तात्याचंही. मग, रोजच्या सवयीनं म्हणा, मी त्यातलं थोडं पोलरीमीटरच्या नळीत भरलं. प्रकाश किती आणि कुठं वळतो ते मोजायचं हे यंत्र. मिश्रण असेल तर प्रकाश कुठंच वळत नाही, डावं नि उजवं एकमेकांना पुसून टाकतात.

प्रकाश उजवीकडे वळला. थोडाथोडका नाही, चांगला खणखणीत वळला.

मी नळी धुतली, पुन्हा भरली, पुन्हा पाहिलं. बाटलीत डावं नावापुरतं होतं. आणि असा माल आपोआप कुठं तयार होत नाही. आधी कुणीतरी त्यातलं डावं काढून घ्यावं लागतं. मग मी आणखी एक चाचणी केली आणि त्यात आम्ही डावं वेगळं काढायला वापरतो त्या आम्लाचा माग सापडला. त्या आम्लाची निवड मीच केली होती. आमच्या कंपनीखेरीज ते कुणी वापरत नव्हतं.

मी बाटली घेऊन सरळ सरांच्या केबिनमध्ये गेले.

"उरलेल्याची व्यवस्था म्हणालात, ती ही का?"

त्यांनी लेबल वाचलं, बाटली टेबलावर ठेवली. दचकले नाहीत. "हे तुमच्या कामाच्या कक्षेत येत नाही."

"हे जंतांचं औषध म्हणून विकलं जातंय, सर. याच्यानं जंत मरत नाहीत. हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही."

"बाटलीवर जे नाव आहे तेच रसायन आत आहे. वजन बरोबर आहे, शुद्धता बरोबर आहे. जनावरांच्या औषधाच्या मानकात प्रकाश कुठं वळतो हे कुणी विचारलेलं नाही. आपण माल त्या कारखान्याला रसायन म्हणून देतो. पुढं ते काय करतात, त्यांचं त्यांना ठाऊक."

"लोक दुप्पट, तिप्पट पाजतात. मेंढरं मरतात."

"मेंढपाळ मात्रा मोजतात कुठं? हाताला येईल त्या भांड्यानं पाजतात. अडाणीपणाला औषध नाही, बाई."

"माझ्या चुलत्यानं पाजलं."

सरांनी माझ्याकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. ते म्हणाले, "मग तुमचा दृष्टिकोन वैयक्तिक आहे. अशा वेळी शास्त्रज्ञानं बाजूला व्हायचं असतं."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझ्या पद्धतीनं उजवं तयारच झालं नसतं. विकायला काही उरलंच नसतं, आणि सध्या तर टाकाऊ माल औषधाच्या भावानं खपत होता. काम सुंदर होतं, आणि तेवढ्यासाठीच ते नको होतं. मी टेबलावरची बाटली उचलून घेतली.

"मी बाजूला होते, सर," मी म्हणाले. त्याच दिवशी राजीनामा दिला.

राजीनामा देणं सोपं गेलं. तक्रार घेऊन दारोदार फिरणं अवघड होतं. औषध खात्यात सांगितलं, प्रमाण बरोबर आहे. पोलीस म्हणाले, बाटलीवर नाव बरोबर आहे. शेवटी मी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात लाड डॉक्टरांसमोर जाऊन बसले. माणूस तरुण होता, चिडका होता, पण कान उघडे ठेवणारा होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, मेंढरं अतिमात्रेनंच मेली. मी खोटं लिहिलेलं नाही."

"खोटं नाही. अर्धं लिहिलंय. अतिमात्रा देण्याची वेळ का आली ते लिहिलेलं नाही."

"जंत त्या औषधाला निर्ढावले असतील. होतं तसं."

"तर मग डाव्यालाही दाद देणार नाहीत. तात्याच्या उरलेल्या मेंढरांत जंत आहेतच. खात्रीचं डावं औषध मी दुसरीकडून मागवते. तुम्ही तुमच्या हातानं, एकदाच, नेमक्या मात्रेत पाजा. आधीची नि नंतरची लेंडी तुम्हीच तपासा."

त्यानं थोडा विचार केला आणि होकार दिला. पण तात्या ऐकेना.

"औषध न्हाय," तो म्हणाला. "पुन्ना न्हाय. त्या बाटलीतलंच ना ह्ये? नाव त्येच हाय म्हन्तीस."

"नाव तेच आहे, तात्या. औषध ते नाही."

"नाव त्येच नि औषध न्यारं? येडा समजतीस व्हय मला?"

मी त्याच्या पायांतल्या जाड वहाणा उतरवल्या आणि उजव्या पायाची डाव्या पायात सरकवू लागले. ती चढेना. तात्यानं पाय मागं घेतला.

"वहाणच आहे का नाही?" मी विचारलं. "चामडं तेच, माप तेच, टाके तेच. तरी त्या पायाला उपेगाची नाही. जंताला लागू पडतं ते एका पायाचं औषध. तुला दिलं ते दुसऱ्या पायाचं. तू कितीही पाजलं असतंस तरी ते जंताला लागणार नव्हतं, मेंढराच्या अंगात विष वाढत जाणार होतं तेवढं."

तात्या वहाणेकडे बघत राहिला. "आनि ह्ये दुकानदाराला ठावं हुतं?"

"दुकानदाराला नाही. वर ज्यांनी धाडलं, त्यांना होतं."

तो उठला. वाघर बाजूला सारून आत शिरला, एका मेंढीला मानेखाली हात घालून उचलून आणली आणि लाड डॉक्टरांपुढं धरली. डॉक्टरांनी मोजून पाजलं. तात्यानं एकेक करून सगळी मेंढरं आणली, सगळी स्वतः धरली, आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्यातच बसून राहिला, कुणी थरथरतंय का बघत. एकही थरथरलं नाही. काही दिवसांनी लाड डॉक्टर लेंडी तपासून आले ते मोटरसायकलवरून उतरायच्या आतच म्हणाले, "एका डोसात साफ."

त्यांच्याच जोरावर जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात सुनावणी लागली. उपायुक्त थिटेबाई खुर्चीत होत्या. तात्याबरोबर आसपासच्या वाड्यांतले आणखी काही मेंढपाळ आले होते. त्यांचीही मेंढरं तशीच गेली होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपलंच चुकलं. औषधाच्या कारखान्यातर्फे तज्ज्ञ म्हणून आले होते खुद्द सबनीस सर.

मी एका कॉलेजातून पोलरीमीटर मागून आणला होता. थिटेबाईंनी त्याला डोळा लावला. आधी साधं मिश्रण पाहिलं, मग तात्याची बाटली. त्या बराच वेळ वाकून होत्या. मग सरळ होऊन म्हणाल्या, "डॉक्टर सबनीस, हे उजवीकडे का वळतंय?"

"मॅडम, हा शैक्षणिक प्रश्न आहे. मानकात—"

"मानकात काय आहे ते मला पाठ आहे. मी विचारतेय, का वळतंय?"

"उजव्या रूपाचं प्रमाण थोडं अधिक आहे म्हणून."

"थोडं?"

सर समोरचे कागद चाळू लागले. लाड डॉक्टर उठले आणि आपल्या तपासणीचे निष्कर्ष त्यांनी सांगितले. शेवटी म्हणाले, "मॅडम, अतिमात्रा असं मी लिहिलं होतं. ते अपुरं होतं. दोष मेंढपाळांचा नव्हता." उभा राहून असं बोलायला सरकारी माणसाला काय लागतं ते मला माहीत आहे. मी त्यांची कायमची ऋणी आहे.

थिटेबाईंनी जिल्ह्यात त्या बाटलीची विक्री थांबवली, मेंढपाळांवरचा ठपका काढला, आणि मानक बदलावं असं वर कळवलं. त्याहून अधिक काही त्यांच्या हातात नव्हतं. तसं त्यांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं. कारखान्यावर खटला झाला नाही. आमच्या कंपनीनं माल नुसता रसायन म्हणून दिला होता, त्यामुळे तिचं तर नावही कुठं आलं नाही.

पुढचंही सांगून टाकते. उजव्या मालाला गिऱ्हाईक उरलं नाही तेव्हा कंपनीला अचानक माझा कॅटॅलिस्ट आवडला. तो प्लँटवर गेला. कचरा न करणारी पद्धत म्हणून त्याला पारितोषिक मिळालं, ते घेताना सबनीस सरांचा फोटो छापून आला. माझं नाव कुठंच नव्हतं. त्याचा राग आला, नाही असं नाही. मी कॉलेजात शिकवायला लागले, आणि प्रत्येक वर्षी डावं-उजवं शिकवताना माझा आवाज चढतो. मुलं हसतात. हसू देत. पण तो राग लहान आहे. मोठा राग त्या दुपारचा आहे, कार्यालयाच्या आवारातला.

सुनावणी संपवून आम्ही बाहेर आलो. मेंढपाळ निंबाखाली उभे राहून बोलत होते. सबनीस सर गाडीकडे निघाले होते. वाटेत तात्या दिसला तसे ते थांबले. त्यांना वाटलं असावं, चार शब्द बोलावेत.

"मामा, झालं ते वाईट झालं," ते म्हणाले. "काळजी घ्या."

तात्यानं पटका सारखा केला. आवाज चढवला नाही.

"सायेब, एक इचारू? तुमास्नी ठावं हुतं?"

"ती तांत्रिक बाब आहे, मामा."

"तांत्रिक मला कळत न्हाय. ठावं हुतं का नव्हतं, येवढंच सांगा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी मधे पडेन म्हणून. मी पडले नाही. ड्रायव्हरनं गाडीचं दार उघडून धरलं होतं.

"मला ठावं नव्हतं," तात्या म्हणाला, "तरी मला पाऊस सरल्यापासनं अन्न गोड लागलं न्हाय. तुमास्नी ठावं हुतं. तुमास्नी लागत हुतं?"

सर गाडीत बसले. "चला," ते ड्रायव्हरला म्हणाले.